पन्नास मिनिटं शिल्लक होती

अक्का,

तुझ्या तेराव्यानंतर मंगलने तुझी पत्र्याची पेटी उघडली. कुठलं लुगडं कुणाला द्यायचं हे तू आधीच तुझ्या या सुनेला सांगून ठेवलं होतंस, त्यामुळे वाटपाला वेळ लागला नाही. तळाशी जुन्या टॉवेलात गुंडाळलेला फिरकीचा तांब्या निघाला. मंगलने तो माझ्यापुढे धरला.

"हाऊ तुमीच ली जा, मावशी," ती म्हणाली. अलिबागहून आल्यापासून तू तो कुणाला वापरू दिला नव्हतास, असंही तिने सांगितलं.

मी झाकण फिरवून पाहिलं. आत काही नव्हतं. आत काही नसणार हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. का नसणार, तेही फक्त मलाच ठाऊक होतं. म्हणून हे तुला लिहिते आहे. तुला वाचायचा कंटाळा. चौथीनंतर तू सह्या आणि बसच्या पाट्या यांपलीकडे काही वाचलं नाहीस, आणि माझं प्रत्येक पत्र तुझ्या लेकाकडून, दीपककडून वाचून घेतलंस. हे पत्र कुणाकडून वाचून घेशील, ठाऊक नाही.

जळगावला परतल्यावर तांब्या मी माझ्या लिहिण्याच्या टेबलावर ठेवला. पस्तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली, तरी शांततेचा त्रास कधी झाला नव्हता. आता होतो. रविवारी अकराच्या सुमाराला मी अजून फोनजवळ बसते. तू फोन करायचीस तेव्हा आधी मागे कुणाशी तरी चाललेलं बोलणं पुरं करायचीस, मग माझ्याशी बोलायचीस. मी कानाला फोन लावून तुझ्या ओसरीवरचा सगळा कारभार ऐकत बसायची. कोंबड्या, भांडी, ट्रॅक्टर. वैतागायचे मी. आता तेवढा कारभार जरी ऐकू आला तरी चालेल.

मी निवृत्त झाले त्या हिवाळ्यात तू फोनवर एकच वाक्य बोललीस. "शकू, माले समुद्र दखाड." तुझी सत्तरी तेव्हा जवळ आली होती. धुळ्याच्या पलीकडे सासर, पांझरेच्या काठचं माहेर, एकदा नाशिक, एकदा शिर्डी, एवढाच तुझा भूगोल. मी पंधरा दिवस पुस्तकं चाळली, टिपणं काढली, कुठला किल्ला कधी बांधला, कुठल्या डोंगरावर काय आहे, सगळं डायरीत उतरवलं आणि अलिबाग ठरवलं. तू काय तयारी केलीस? कळण्याच्या भाकरी, लसणाची चटणी, शेव, आणि फिरकीचा तांब्या. तांब्या कशाला, मी विचारलं. बाटल्या मिळतात सगळीकडे. तू ऐकून न ऐकल्यासारखं केलंस.

पनवेलला बस बदलून आपण संध्याकाळी पोचलो, आणि सामान खोलीवर टाकून थेट किनाऱ्यावर गेलो. मला वाटलं होतं तू काहीतरी म्हणशील. तू लुगडं जरा उचलून पाण्यात गेलीस, वाकलीस, ओंजळीत पाणी घेतलंस आणि परत सोडलंस. मग मला म्हणालीस की आपल्या पांझरेचं पाणी यात आलेलं असेल.

मी काय केलं? मी तुला नकाशा समजावला. पांझरा तापीला मिळते, तापी सुरतेला समुद्राला मिळते, आणि सुरत इथून किती वर आहे. वाळूत बोटाने रेघासुद्धा काढल्या. तू शांतपणे सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "समुद्र काय वाटी ठेयेल शे का?" शेजारचा भेळवाला हसला. त्याला भाषा कळली नसेल, पण मी हरले एवढं कळलं असावं. मी तरीही खोलीवर जाईपर्यंत प्रवाहांबद्दल बोलत होते. तो वाद आपला तिथेच राहिला, अक्का. आता मात्र वाटतं की समुद्र खरंच कुणी वाटून ठेवलेला नाही.

दुसऱ्या दिवशी कनकेश्वर. त्या सकाळी निघण्याआधी मी किनाऱ्यावर जाऊन एका घोडागाडीवाल्याला कुलाबा किल्ल्याचं विचारून आले. किल्ला समुद्रात, पण ओहोटीला वाळूवरून चालत जाता येतं हे मी वाचलं होतं. तो म्हणाला, आज नऊ ते बारा चालत जाता येईल, बाराच्या आत परत या. मी डायरीत लिहिलं: किल्ला, सकाळी नऊ ते बारा. खाली दोन रेघा मारल्या. मग आपण कनकेश्वराच्या पायथ्याला गेलो.

तो डोंगर मी तुझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान असून तुझ्यामागून चढले. दगडी पायऱ्या संपतच नव्हत्या. तू चपला काढून पिशवीत टाकल्यास, तांब्या कमरेला लुगड्यात खोचलास आणि शेताच्या बांधावरून जावं तशी निघालीस. प्रत्येक टप्प्यावर मी दम घ्यायला थांबायची आणि थांबण्याला कारण म्हणून काहीतरी माहिती सांगायची. तू खाली येणाऱ्या प्रत्येकाला वर अजून किती आहे ते विचारायचीस, त्यांच्या गावाचं नाव विचारायचीस, आणि माझ्याकडे बोट करून सांगायचीस, "आमनी शकू पुस्तकवाली शे. तिले इचारा." मग ते मला काही विचारायचे नाहीत, आणि तू हसायचीस. वर कुंडाजवळ सरबत विकणाऱ्या एका बाईला तू आपली अर्धी शिदोरी देऊन टाकलीस. तिने कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्ला. पैसे न घेता तिने आपल्याला सरबत पाजलं. माझ्या टिपणात त्या देवळाबद्दल पाऊण पान आहे. त्या बाईबद्दल ओळही नाही. तिचं नाव तुला माहीत होतं. मला आठवत नाही.

उतरताना मी तुला किल्ल्यातल्या विहिरीबद्दल सांगितलं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याची विहीर. तू पायरीवर थांबलीस. ते तुला आधीपासून माहीत होतं. गावातल्या कुणीतरी तिथे जाऊन आलेलं होतं आणि त्याने सांगितलेलं तू मनात धरून ठेवलं होतंस. तांब्या त्यासाठी होता.

"समुद्रना मझार गोड पानी," तू म्हणालीस. "ते चाखाले ऊनू मी."

मी म्हटलं, गोडच आहे, सगळ्या पुस्तकांत लिहिलंय.

"वाचीसन तीस भागस का?"

तहान तर मलाही लागली होती. पण मला हसू आलं नाही, जरा रागच आला. तुझ्या पाणी राखून वापरण्याचा, पितळी हंड्यांचा, उन्हाळ्यात मैलभर चालत आणलेल्या पाण्याचा धाक आपल्या घरात मी लहानपणापासून पाहिला होता. मला शाळेत जायचं म्हणून माझ्या वाटचं पाणीही तू आणायचीस. पण त्या क्षणी मला यातलं काही आठवलं नाही. मी डायरी काढून उद्याची वेळ पुन्हा वाचली.

तिसऱ्या दिवशी बरोबर नऊला आपण किनाऱ्यावर होतो. वाळू उघडी पडलेली नव्हती. गुडघ्याच्या खाली पाणी होतं. घोडागाड्याही अजून सुटल्या नव्हत्या. मी म्हटलं, वेळ झाली आहे, चल. तू माझा हात धरलास आणि आपण दोघी पाण्यातून निघालो. मधे एक लाट जराशी जोरात आली तेव्हा तू माझं मनगट इतकं घट्ट धरलंस की बांगडी रुतली. त्या मनगटावर बोट फिरवायची सवय मला तुझ्या जाण्यानंतर लागली आहे.

किल्ल्यात मी तुला सगळं दाखवलं. दरवाजा, चुन्याशिवाय रचलेले मोठे दगड, तटावरच्या तोफा, गणपतीचं देऊळ. तू तोफांवरून हात फिरवलास आणि पुढे गेलीस. तुझे डोळे विहीर शोधत होते. ती सापडली तेव्हा तू काठावर बसलीस आणि किती तरी वेळ आत पाहत राहिलीस. पाणी खोल होतं. पायऱ्या शेवाळलेल्या होत्या, मी उतरू दिलं नाही. देवळातल्या माणसाकडे दोर-बादली होती, पण तो अभिषेकाच्या गडबडीत होता. अर्ध्या तासात काढून देतो म्हणाला.

घड्याळात साडेअकरा वाजले होते.

मी म्हटलं, निघायला हवं. तू म्हणालीस, तो देतो म्हणाला आहे. मी म्हटलं, बाराला पाणी वर येतं, अक्का, हा काही गावच्या विहिरीचा काठ नाही. तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. आयुष्यात तू माझ्याकडे फार थोड्या वेळा काही मागितलंस.

"जराशी बठू दे माले."

मी तुला उठवलं. हाताला धरून उठवलं.

बाहेर आलो तर वाळू उघडी पडली होती. सकाळी जिथे पाणी होतं तिथे आता नुसती ओली वाळू आणि शंख. समोरून माणसं येत होती. शाळेची सहल, नवरा-बायको, भरलेल्या घोडागाड्या. तू मधेच थांबलीस.

"बठ्ठा लोक तं आते ई ऱ्हायनात, शकू. आपनच का बरं जाई ऱ्हायनूत?"

मी काय उत्तर दिलं ते तुला आठवत असेल. मी म्हटलं, त्यांना वेळ माहीत नाही. शे-दीडशे माणसं, त्यात तिथलेच गाडीवाले, आणि वेळ माहीत असलेली एकटी मी, कारण माझ्याकडे डायरी होती. तू त्यांच्याकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, आणि माझ्याबरोबर चालू लागलीस. तुझा माझ्या शिक्षणावर फार विश्वास होता.

संध्याकाळी तू खोलीत पडली होतीस आणि मी जेवणाचं सांगायला खाली गेले. लॉजच्या काकूंनी विचारलं, किल्ला झाला का. मी म्हटलं, झाला, बाराच्या आत आलो. त्या म्हणाल्या, इतक्या लवकर कशाला, आज बारा-पन्नासपर्यंत आरामात परतता आलं असतं. मी त्यांना डायरीतली वेळ सांगितली. त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं.

"अहो, ती कालची वेळ. भरती-ओहोटी रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. ती काय एसटी आहे, रोज त्याच वेळेला सुटायला?"

समुद्राकाठच्या लहान मुलालाही हे ठाऊक असतं. मी ऐंशी किलो पुस्तकं वाचली असतील, पण आपल्या नद्यांना भरती येत नाही. मला वाटलं, वेळ म्हणजे वेळ. ती लिहून घेतली की झालं.

मी जिना चढले. पन्नास मिनिटं. जिन्यावरच हिशेब केला. तो माणूस अर्ध्या तासात पाणी देणार होता. पाणी काढून, पिऊन, तांब्या भरून, वर तू मनासारखी बसूनही आपण सुक्या वाळूवरून परत आलो असतो. खोलीत तू पाय चेपत बसली होतीस. उद्या सकाळची परतीची बस होती, त्यामुळे पुन्हा जाणं शक्य नव्हतं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. बस पुढची घेता आली असती. पण मग तुला सांगावं लागलं असतं.

काय म्हणाल्या बाई, तू विचारलंस. मी म्हटलं, जेवायला अर्धा तास आहे.

एवढंच असतं तर मी बहुधा विसरले असते. पण तू गावी गेलीस आणि गोष्ट सांगायला लागलीस. शकूने मला समुद्रातून वेळेवर बाहेर काढलं. लोक खुळ्यासारखे आत चालले होते आणि आमची शकू मला हाताला धरून घेऊन आली. पुढच्या दिवाळीला मी आले तर शेजारच्या बायका माझ्याकडे आदराने पाहत होत्या. मी मान खाली घातली. त्यांना तो नम्रपणा वाटला. नंतर तू आजारी पडलीस तेव्हा तर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती गोष्ट. दवाखान्यातल्या नर्सलाही. शिकेल बहीण ऱ्हायनी का असं ऱ्हास, असं म्हणायचीस. मी पायाशी स्टुलावर बसलेली असायची. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगावं. आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आज नको, आज तिला जरा बरं वाटतंय.

त्या विहिरीवर परत जाऊ, असं तू फोनवर तीनदा म्हणालीस. मी तीनदा पुढचं साल म्हणाले.

अक्षय तृतीयेला, आपल्या आखाजीला, तुझ्या नावाची घागर भरायची होती, पितरांतली पहिलीच. त्याआधी आठ दिवस मी एकटी अलिबागला गेले. तांब्या घेतला. कनकेश्वर चढले नाही, एकटीला दम घ्यायला कारण सापडलं नसतं. किनाऱ्यावर घोडागाडीवाल्याला विचारलं, मग दुसऱ्याला, मग लॉजच्या काकूंना. तिघांनाही "आजची वेळ" असं दोनदा म्हणाले. काकूंनी विचारलं, त्या आल्या नाहीत का तुमच्याबरोबर. मी नाही म्हटलं, आणि त्यांना पुढे विचारावंसं वाटलं नाही.

वाळू कोरडी होती. चालताना डावा हात मी उगाच शरीरापासून जरा लांब ठेवला होता, तू धरलास तसा. ध्यानात आल्यावर पिशवी त्या हातात घेतली.

देवळात दुसराच माणूस होता. त्याने लगेच दोर-बादली दिली, ओढूनही दिलं. एक मिनिटाचं काम, अक्का. मी तांब्या भरला, फिरकी घट्ट केली. मग ओंजळ केली आणि प्यायले. आणि त्या काठावर, तू बसली होतीस त्याच बाजूला, बसून राहिले. घड्याळ पाहिलं नाही असं म्हणणार नाही, पाहिलं. पन्नास मिनिटं फार मोठी असतात. तेवढ्यात तू मला किती काही सांगितलं असतंस, आणि मी तुला किती वेळा दुरुस्त केलं असतं. शेवटी एक गाडीवाला आत येऊन ओरडला, "मावशी, चला, पाणी चढायला लागलं." या वेळी ते खरं होतं. मी सगळ्यांच्या शेवटी निघाले.

परवा आखाजी झाली. तुझ्या दारातल्या निंबाला मुलींनी झोका बांधला होता. माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या, आणि आत मंगल मातीच्या नव्या घागरीला कुंकवाची बोटं लावत होती. सांजोऱ्या, खरबूज, आंबा सगळं मांडलेलं होतं. दीपक धोतर नेसून बसला. मी तांब्या पुढे केला तेव्हा तुझ्या शेजारच्या सखूबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, हीच ती, हिनेच अक्काला समुद्रातून वाचवलं.

मी म्हटलं, नाही.

बोलायला सुरुवात केली तेव्हा मी ग्रंथालयात बोलावं तशी बोलत होते. कुणाला नीट कळेना. मग मी आपल्या बोलीत सांगितलं. कितीतरी वर्षांनी. शब्द अडखळत आले, पण आले. कालची वेळ, कोरडी वाळू, समोरून येणारी माणसं, दोर-बादली, पन्नास मिनिटं. आणि हेही की मला त्याच संध्याकाळी कळलं होतं, आणि मी तीन वर्षं गप्प बसले.

पोरींचं गाणं थांबलं होतं. सखूबाईंनी पदर सारखा केला. दीपक माझ्याकडे पाहत नव्हता, घागरीकडे पाहत होता.

"मंग आईनी ते पानी चाखंच नही?" मंगलने विचारलं.

"नही चाखं," मी म्हटलं.

कुणी मला माफ केलं नाही, कुणी रागावलंही नाही. मंगलने माझ्या हातातला तांब्या घेतला, फिरकी उघडली आणि दीपकच्या हातात दिला. घागरीत आधी माहेराहून आणलेलं, पांझरेकाठच्या आपल्या विहिरीचं पाणी होतं. त्यावर त्याने ते ओतलं. दोन्ही पाणी एकमेकांत गेलं. पुन्हा वेगळं करता येणार नाही इतकं गेलं. मला तुझा तो वाद आठवला, आणि तो तू जिंकलास हे कबूल करायला समोर तू नव्हतीस.

नंतर झोका पुन्हा सुरू झाला. मला कुणी बोलावलं नाही आणि मीही गेले नाही. तुझ्या ओसरीवर, तुझा फोन असायचा त्या कोनाड्याखाली बसले. कोंबड्या, भांडी, ट्रॅक्टर सगळं होतं. फक्त आधी दुसऱ्याशी बोलणं पुरं करून मग माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं.

एक राहिलं. पुस्तकांत ते पाणी गोड लिहिलंय. मी प्यायले, अक्का. मला ते मचूळ लागलं, चैत्रात आपल्या विहिरीचं लागतं तसं. पण माझं मी खरं मानत नाही आता. घागर भरली आहे. तू चाख, आणि कसं आहे ते सांग.